गव्हर्नरचा होकार

दाढीचा आरसा खिडकीत उन्हात पडला होता. झेलीनने तो उचलला आणि गव्हर्नरच्या नाकासमोर धरला. काचेवर वाफ आली नाही. तिने काच पदराने पुसून पुन्हा धरली. तरीही नाही.

"गेला?" नार्सिसने दारातून विचारले. तो घरची घोडी सांभाळायचा.

"हळू बोल. गेले."

तिने मनगट चाचपले. नाडी लागली नाही. अंग गरम होते, पण या बेटावर प्रेतही लवकर गार होत नसे. पिवळ्या तापाची माणसे तिने पुष्कळ पाहिली होती. काळी ओकारी सुरू झाली की पुढचे ठरलेलेच.

बंदरात इंग्रजांचे नगारे वाजू लागले.

बेट फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आणि इंग्रजांकडून परत फ्रेंचांकडे इतक्यांदा गेले होते, की त्याची एक रीतच पडून गेली होती. जाणाऱ्या गव्हर्नरने तहाचे एकेक कलम ऐकायचे आणि येणाऱ्याच्या देखत होकार द्यायचा. बोलवत नसेल तर नुसता हात वर केला तरी चाले. पण होकार द्यायला गव्हर्नरच उरला नसेल, तर तह नाही. मग बेट लुटीचे, आणि बेटावरचे गुलामही लुटीचे.

शेवटचे कलम झेलीनचे, म्हणजे गव्हर्नरच्या गुलाम स्वयंपाकिणीचे होते. ती आणि तिची मुलगी रोझेट आजपासून स्वतंत्र, एवढेच त्यात होते. गव्हर्नर मस्यो द ब्रेसाक यांनी ते कारकुनाकडून लिहवून घेतले होते, पण तोंडाने हो म्हटले नव्हते. "बघू," ते म्हणाले होते. "कर्नलसमोर ठरवीन." कॉफीत साखर घालू का विचारले, तरी ते "बघू"च म्हणत.

"मासे धरायची दोरी आण," झेलीन म्हणाली.

नार्सिस धावत खाली गेला. दोरी घेऊन आला.

तिने दोरीचे टोक गव्हर्नरच्या बाहीच्या आत मनगटाला बांधले. दोरी मच्छरदाणीच्या दांडीवरून घेतली आणि पलंगामागच्या फळ्यांच्या फटीतून खाली सोडली. खाली खोगिरांची खोली होती. नार्सिसने तिथून ओढून पाहिले. गव्हर्नरचा हात खांद्याइतका वर आला आणि पडला.

नार्सिस वर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता, तरी तो हसला. "जिवंतपणी एक बोट हलवून मला गावभर पळवायचा. आज मी याला हलवतो."

"दात नको काढूस. मी टाच आपटली की ओढ. आणि हळू ओढ, घोडं आवरायचं नाहीये."

"आणि पकडलो गेलो तर?"

"तर तू, मी, रोझेट, तिघंही विकायला एकाच जहाजावर. जा खाली."

इंग्रजांचा कर्नल विदरबी उंबऱ्यावरच थांबला. नाकाशी त्याने शिरक्यात भिजवलेला रुमाल धरला होता. खिडक्या आता अर्ध्या मिटलेल्या होत्या. मच्छरदाणीआड गव्हर्नरची नुसती आकृती दिसत होती. कारकून तर गॅलरीतूनच वाचणार होता.

"बोलता येत नाही यांना?" कर्नलने विचारले.

"तापानं जीभ सुजली आहे, साहेब. ऐकू सगळं येतं."

पहिले कलम किल्ल्याचे आणि तोफांचे. झेलीनने टाच आपटली. काहीच झाले नाही. तिने पुन्हा आपटली. मग हात वर आला. फार सावकाश, थरथरत.

"बाई, पाय का आपटतेस?"

"मुंग्या, साहेब."

दुसरे कलम चर्चचे. टाच आपटताच हात वर आला. तिसऱ्याला, शेतमळ्यांच्या कलमालाही.

मग कारकुनाने शेवटचे वाचले. कर्नलला हसू आले. "मस्यो, स्वयंपाकघरसुद्धा तहात घातलंत? यालाही तुमचा होकार?"

झेलीनला पाय उचलवेना. इतकी वर्षे तिने या माणसाचे "बघू" ऐकले होते. आज त्याच्या वतीने ती स्वतःलाच हो म्हणणार होती. तिने कशीबशी टाच उचलली. ती टेकायच्या आधीच हात वर गेला. आधीपेक्षा उंच गेला, आणि कर्नल "मान्य" म्हणेपर्यंत तसाच राहिला.

नार्सिसने फटीतून सगळे ऐकले असणार, असे तिला वाटले. एकदाची अक्कल आली या माणसाला!

कर्नल खाली उतरला. झेलीनने मच्छरदाणीत हात घालून दोरी कापली. चेहऱ्याकडे बघायचे धाडस तिला झाले नाही. तिने चादर गव्हर्नरच्या डोक्यावरून ओढली आणि घाईघाईने शिवून टाकली. मग गॅलरीत येऊन तिने हंबरडा फोडला.

तापाचे प्रेत घरात ठेवायचे नाही, असा इंग्रजांचा हुकूम होता. शिपायांनी तोंडे फिरवून पेटीला खिळे ठोकले. चर्चमागे खोल खड्डा खणला, वर चुना टाकला, माती लोटली. कर्नलने शत्रूच्या मानाखातर एक तोफ उडवली.

रोझेट पायऱ्यांवर बसून पेरू खात होती. "आई, आता मला कोणी हाक मारली, तर मी नाही म्हटलं तरी चालेल?"

"चालेल."

"मग तू आता मला हाक मार."

झेलीनने हाक मारली. "नाही!" रोझेट ओरडली आणि खो खो हसली. झेलीनही हसली. तिला रडूही आले.

ऊन उतरत असताना नार्सिस फाटकातून आत आला. त्याचा ओठ फुटला होता आणि कपडे समुद्राच्या पाण्याने ओलेचिंब होते. तो तिच्या नजरेला नजर देईना.

"ये की," ती म्हणाली. "तुला मिठीच मारणार होते मी. कुठे होतास?"

"रागावू नकोस, झेलीन. मी खाली गेलो तो इंग्रज शिपाई दारातच उभे. जहाजावरची घोडी उतरवायला मला ओढतच नेलं. दोरीला हातसुद्धा लावता आला नाही. आत्ता सोडलंय." त्याने ओठावरचे रक्त पुसले. "तू एकटीनं कसं निभावलंस?"