आखूड क्लॅरिनेट

"लाकडी नको," वेंदेलीन म्हणाला. "माझ्या पेन्शनला झेपेल असं काहीतरी दाखव, पोरी."

दुकानातल्या पोरीने काळ्या प्लास्टिकची एक आखूड क्लॅरिनेट काढून दिली. "ही सी क्लॅरिनेट, आजोबा. कागदावर असेल तोच सूर निघतो. पण प्रागच्या मोठ्या वाद्यवृंदात वाजवणार असाल तर..."

"कसला वाद्यवृंद! शुक्रवारी गुत्त्यात बसतो आम्ही तिघं. बिअर जास्त, वाजवणं कमी."

त्याने फुंकून पाहिली. खालचे सूर जरा घसा बसल्यासारखे, वरचे मात्र स्वच्छ. चाव्या खुळखुळत नव्हत्या. बस्स, त्याला एवढंच हवं होतं.

घरची जुनी क्लॅरिनेट लांब होती. ती कागदावरच्यापेक्षा एक सूर खाली बोलायची. व्हायोलिनसाठी लिहिलेल्या सुरांचा कागद समोर ठेवायचा आणि प्रत्येक सूर मनातल्या मनात वर चढवून वाजवायचा, यात वेंदेलीनचा उभा जन्म गेला. उन्हाळ्यात मेंदूला झटका आला. हात वाचले, जीभ वाचली, पण ही चढवाचढवी तेवढी डोक्यातून साफ पुसली गेली. पुन्हा गुत्त्यात जाऊन बसला, तर सगळ्यांच्या एक सूर खाली, भेसूर! शरमेने त्याने तिकडचं नावच टाकलं.

त्याचे सोबती मात्र भले. व्हायोलिनवाला ओताकार लसणाचं सूप घेऊन यायचा.

"क्लॅरिनेट जपून ठेव," तो प्रत्येक वेळी बजावायचा. "विकलीस तर तंगडं मोडीन. येतोस कधी?"

"येईन रे."

एका मंगळवारी वेंदेलीन गुत्त्यावरून चालला होता. आत वाजवणं चालू होतं, तेही भलत्याच दिवशी. पोल्का नाचाची ओळखीची धून त्याला जड, झोपाळू वाटली. 'कानही गेले वाटतं,' असं पुटपुटत तो घाईने पुढे निघाला. बेकरीत अकॉर्डियनवाली ब्लाझेना बोटं चोळत उभी होती.

"काय गं, काय झालं?"

"थंडी रे, दुसरं काय," म्हणत ती पावांकडे बघायला लागली.

शुक्रवारी वेंदेलीन कोटात नवी क्लॅरिनेट लपवून गुत्त्यात शिरला. त्याची खुर्ची रिकामीच ठेवलेली. समोर फेसाळता ग्लासही तयार. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"तुम्ही मला टाकलं नाहीत," तो म्हणाला. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"गप रे, रडूबाई!" ब्लाझेना म्हणाली. "वाजव आता. कागदावर आहे तसंच वाजव, डोक्याला ताप नको."

ती आणि ओताकार एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसले. तेवढ्यात वेंदेलीनने टेबलाखाली क्लॅरिनेट जोडली. आज यांना चकित करायचं! ओताकारने डोळे मिटून व्हायोलिनचा गज उचलला आणि पोल्का सुरू झाली.

गुत्तेवाल्याचा कुत्रा शेपूट घालून बाहेर पळाला.

वेंदेलीनने घाबरून कागद पाहिला, बोटं पाहिली. "पण बरोबर वाजवतोय मी! आईशप्पथ, एकूण एक सूर बरोबर आहे!"

ओताकारने डोळे उघडले. त्या आखूड क्लॅरिनेटकडे तो बघतच राहिला.

"अरे माझ्या राजा," तो म्हणाला, "जुनी कुठंय तुझी? तिच्यासाठी बोटं मोडून घेतली रे आम्ही, सगळी गाणी एक सूर खाली उतरवून बसलोय!"