वहीतलं डियर

अमेरिकेत नेपरव्हिलमधली शेजारीण डोरथी गेली, आणि तिच्या माहेरच्या ख्रिसमस पाईची रेसिपी उरली ती फक्त शोभनाकाकूंच्या वहीत. डोरथी बोलली तशीच्या तशी, इंग्रजीच, पण देवनागरीत उतरवलेली. यंदा काकूंनी मोठ्या हौसेने ती पाई केली आणि डोरथीच्या नवऱ्याला, वॉल्टरला, नेऊन दिली.

एक घास खाऊन तो म्हणाला, "छान झालीय. पण यात डियर नाही. मी शिकार करून आणायचो, त्या हरणाचं मटण घालायची ती."

गोडाच्या पदार्थात हरीण? काकू चक्रावल्या. घरी जाऊन वही घेऊन आल्या. डियर तर ओळीओळीला होतं! त्यांनी ते सगळं लाडाचं समजून सोडून दिलं होतं.

"चॉप द ॲपल्स, डियर. रेझिन्स, सिनमन, डियर, कुक टुगेदर. डोन्ट हरी, डियर..." वाचता वाचता काकूंचा पार गोंधळ उडाला. "अहो, हे घालायचं तरी किती वेळा?"

वॉल्टरने डोळे पुसले.

"एकदाच. सिनमननंतरचं तेवढं पातेल्यात घाला. बाकीची मला परत वाचून दाखवा."