पहिल्या पानावरचं नाव

नागपूरला परत निघण्याआधी उर्वशीनं वच्छलाआजीच्या मोबाइलमध्ये नोंदी लिहायचं ॲप टाकून दिलं. आजोबा गेल्यापासून आजी पांढुर्ण्याच्या घरात एकटीच होती; म्हातारपणी शिकलेली अक्षरं तरी सोबतीला राहावीत.

“हे पाय आजी, ॲप उघडलं का हे पहिलं पान येते. वर तुह्या गोळ्यांच्या वेळा, मागं आपल्या संत्र्याच्या बगीच्याचा फोटू.”

“आन् हे डोक्यावर काय लिवलं वं?”

“सुप्रभात, वच्छला. रोज सकाळी ते तुले नावानं हाक मारते.”

“हे नाव माहेरीच राह्यलं. तुह्या आजोबानं कधी नावानं हाक नाही मारली. खोड ते.”

“मंग ‘आजी’ टाकू?”

“मी काय मोबाइलची आजी हाय का? दे इकडं, माह्या हातानं लिवू दे.”

एकेक अक्षर शोधत आजीनं काहीतरी लिहिलं. तेवढ्यात उर्वशीच्या गाडीची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनं एकटीपुरता चहा केला आणि सुन्या घरात ॲप उघडलं. वर ओळ आली, “सुप्रभात, अवं, आयकलं का?”



डोक्यावरचा पदर सारखा करत आजी म्हणाली, “आयकून राहिली जी, बोला.”