कोरडी कॉलर

तहसीलदारांनी जमनीच्या दोन्ही हातांत पुष्पगुच्छ दिला, बजावलं, "हा द्या, 'महामहिम' म्हणा, मागं सरा. राज्यपालांना हात लावायचा नाही." तिनं मान हलवली. तांड्यात भाऊ बऱ्याच दिवसांनी आला की बहीण त्याच्या गळ्यात पडून सुरात रडते. मधलं सुखदुःख रडण्यातूनच सांगते. तिचा भाऊ यवतमाळला वकील होता तेव्हा ती त्याच्या काळ्या कोटाची कॉलर भिजवायची. तो लाजायचा, "पुरे न, बाई!" पुढं तो दूरच्या राज्याचा राज्यपाल झाला, याडी गेली तेव्हा आईच्या मातीलाही त्याला पोचता आलं नाही. आज तो समोर आला. जमनीनं गळ्याशी आलेला सूर गिळला, गुच्छ दिला. "महामहिम" म्हणाली, मागं सरली. त्यानं गुच्छ तहसीलदारांकडे सोपवला, तिच्यापुढं मान झुकवली. "याडी गेल्याचं मले फोनवर समजलं, बाई. रडून कोणी सांगतलंच नाही."