ओल्या फडक्यातलं पडवळ

पहिला दिवस. सदाशिवरावांनी पडवळाच्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळल्या. त्यांची बायको कुंडीत बी टोचण्याआधी ते असंच तपासून घ्यायची. ती गेल्याला पाच वर्षं झाली होती. तिने बांधलेली शेवटची पुडी त्यांनी देवघरात, समईशेजारी जपली होती. आता लेक बाळंतपणाला माहेरी येणार होती आणि तिला आईच्याच पडवळाची भाजी हवी होती.

चौथा दिवस. एकही मोड नाही.

आठवा दिवस. बिया बोटाने दाबताच पिचल्या, घाण वास आला. त्यांनी उरलेली अख्खी पुडी फडक्यावर ओतली.

अठरावा दिवस. फडकं घेऊन ते शेजारच्या कुंदाताईंकडे गेले. कुंदाताईंनी चार-पाच बिया नखाने उकलून पाहिल्या. आत सगळं काळं होतं. पुडी कुठे ठेवली होती, ते सदाशिवरावांनी सांगितलं.

"पाच वर्षं समईच्या धगीत ठेवलंत, भाऊजी? बी म्हणजे काय फोटो आहे, हार घालून ठेवायला? वहिनी दर पावसाळ्यात लावायच्या आणि नवं बी धरायच्या, म्हणून तर ते टिकलं."

सदाशिवरावांनी उकललेल्या बिया परत फडक्यात गोळा केल्या.

"त्या गेल्या त्या वर्षी मी चार बिया मागितल्या होत्या, आठवतंय? दिल्या असत्यात, तर आज ओंजळभर परत केल्या असत्या."

"आठवतंय," ते फडक्याची घडी घालत म्हणाले. "मला वाटलं, चार दिल्या की ती घरातून आणखी थोडी कमी होईल."