घोंगडीखालची बंदूक

“बंदूक दिसली, की चोर लांबूनच परत फिरतो,” सराफी दुकानाच्या दारातले निवृत्त फौजी घोरपडे म्हणायचे.

“दिसली तर आधी तुम्हालाच धरतील. झाकून ठेवा, म्हणजे अंदाज येत नाही,” मालकीणबाई गल्ल्यावरून ठणकावायच्या. नऊ वर्षं हाच वाद.

निवडणुकीची आचारसंहिता लागली. नियमाप्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. दुसऱ्या दिवशी घोरपडे मांडीवर घोंगडी पसरून बसले. खाली काहीतरी लांबडं होतं.

दुपारी दोघं हेल्मेट न काढताच पायरी चढले. घोरपड्यांनी घोंगडीखाली हात सरकवला. दोघं आल्या पावली पळाले.

“जिंकले मी!” बाई ओरडल्या. “पण खाली आहे काय?”

बाईंचीच हरवलेली छत्री निघाली.

निकालानंतर घोरपडे बंदूक आणायला निघाले. बाईंनी छत्री पुढे केली.

“ती राहू द्या तिथंच. हिला लायसन लागत नाही!”