खाली मीच राहते

बाळ टाहो फोडत होतं, नळ वाहत होता आणि टबाच्या काठाशी उभी असलेली बाळंतीण बाळाहून मोठ्याने रडायच्या बेतात होती. पोटावरचे टाके अजून ओले, वाकायचं म्हटलं की कळ मस्तकात जायची. नवऱ्याची रजा काल संपली. आणि आईचा व्हिसा ऐन वेळी नामंजूर झाला, त्यामुळे आई होती ती बेसिनवर टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये.

"अगं, लेक आहे ती, काचेचं भांडं नाही. धर नीट," फोनमधून आई म्हणाली.

"निसटेल गं हातातून!"

"मी तिथे असते तर..." आई म्हणाली. हे वाक्य तिने गेल्या दोन आठवड्यांत इतक्या वेळा अर्धवट सोडलं होतं की उरलेलं अर्धं दोघींना पाठ झालं होतं. नातीला पहिली अंघोळ स्वतःच्या हातांनी घालायची म्हणून तिने बॅगसुद्धा भरून ठेवली होती. ती भरलेली बॅग तिच्यामागे पलंगाखाली अजून तशीच दिसत होती.

तेवढ्यात बेल वाजली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. दारात फौजदारीणबाई.

हे नाव अर्थातच नवराबायकोने आपापसात ठेवलेलं. खालच्या मजल्यावरच्या या बाई म्हणजे कडक इस्त्रीचं काम, जिन्यात चप्पल दिसली तरी भुवया चढायच्या. बिऱ्हाड नवं होतं तेव्हा या नवराबायकोने आपल्या सवयीने बाथरूमच्या फरशीवर बसून, मगाने भडाभडा पाणी ओतून अंघोळ केली होती. ते पाणी खाली बाईंच्या छतातून गळलं आणि बाई तडक वर आल्या. तेव्हापासून हे दोघं टबात उभं राहून, अंग चोरून अंघोळ करत आले होते.

"माफ करा," बाळंतीण त्यांच्या भाषेत घाईघाईने म्हणाली. "आत्ता गप्प करते तिला."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आतल्या नळाचा आवाज ऐकला. मग बोटातली अंगठी काढून खिशात टाकली आणि बाह्या कोपराच्या वर सारल्या.

"दे इकडे."

बाथरूममध्ये फोन त्यांची वाटच बघत होता. "कोण गं?" आईने विचारलं.

"खालच्या बाई."

"त्याच का त्या भांडकुदळ?"

बाईंना मराठी येत नव्हतं, ही देवाची कृपा. त्या फोनकडे वाकून बघत होत्या. तिकडे आई केव्हाच जमिनीवर बसली होती. पाय लांब केलेले, पायांवर आडवी उशी, हातात रिकामा तांब्या.

"असं बस म्हणावं तिला," आई म्हणाली. "टबबिब काही नको. पाय लांब, बाळ पायांवर पालथं. बघ, अशी."

बाईंनी उशी पाहिली आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला घेतली.

"अहो, नको," बाळंतीण पुढे होत म्हणाली. "फरशीवर पाणी सांडलं की खाली गळतं."

"गळू दे," भिंतीला धरून खाली बसत बाई म्हणाल्या. "खाली मीच राहते."

आणि अंघोळ सुरू झाली. आई तिकडे उशीवर रिकामा तांब्या ओतायची, बाई इकडे बाळावर कोमट पाणी. पहिली एकदोन वाक्यं बाळंतिणीने इकडची तिकडे केली, पुढे तिला कुणी विचारेना. "मान सांभाळ," आई मराठीत म्हणायची तोवर बाईंचा तळवा मानेखाली गेलेला असायचा. मध्येच बाई फोनकडे बघून काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणतेय ती?"

"काही नाही गं."

"मला कळलं. घाई करू नका म्हणतेय. बरोबर आहे हो तिचं," आई म्हणाली आणि तिने तांब्या हळू धरला.

बाळाचं रडणं कधी थांबलं ते कळलंच नाही. ते आता हुंकार देत होतं, आणि पाणी फरशीवरून खुशाल कोपऱ्याकडे चाललं होतं. बाळंतीण दाराला टेकून बघत उभी होती. परक्या मुलखात आपलं असं कुणी नाही म्हणून ती रोज कुढत होती. आणि आज एका लेकरामागे दोन दोन आया राबत होत्या, त्यातली एक चक्क भिजलेल्या पँटनिशी. आपलं नशीब थोर, असं तिला इथे आल्यापासून पहिल्यांदाच वाटलं.

टॉवेलात गुंडाळलेलं बाळ बाईंच्या खांद्यावर झोपी गेलं. आभार मानायचे म्हणून तिने तोंड उघडलं खरं. पण त्यांच्या भाषेतला तो शब्द दुकानात सुटे परत घेतानाही म्हणायचा, तो इथे कसा पुरणार? तिने नुसतेच हात जोडले. बाईंनी मान हलवली, म्हणजे पुरे.

"आई, ठेवते गं आता," असं म्हणत तिने फोनकडे हात नेला, तोच बाईंनी तिचं मनगट धरलं आणि हनुवटीने फोन दाखवला.

तिकडे आईने उशीसुद्धा टॉवेलात गुंडाळली होती. ती खांद्याशी धरून, डोळे मिटून, आई हलकेच थोपटत होती.

"हळू," बाई कुजबुजल्या. "तिकडचंही आत्ताच झोपलंय."